मुदत पाहायचा रविवार

१

आमच्या इमारतीत सहा महिन्यांतून एकदा मुदत पाहायचा रविवार येतो. त्या दिवशी नाश्ता उरकला, की आम्ही सहा जण तळघरात उतरतो, भिंतीशी ओळीने ठेवलेल्या सहा पत्र्याच्या पेट्या उघडतो आणि आतल्या एकेका वस्तूची मुदत तपासतो. बिस्किटं, औषधं, सेल, मेणबत्त्या, पाण्याच्या बाटल्या. जे संपत आलंय ते वर नेऊन वापरायचं, त्याच्या जागी नवं ठेवायचं. दोन तासांचं काम. मग पुढचे पंधरा दिवस सगळ्यांच्या घरी चहाबरोबर तीच मऊ पडलेली बिस्किटं.

हे सुरू झालं तीन वर्षांपूर्वीच्या वादळानंतर. रस्ते बंद, वीज नाही, वरच्या मजल्याची छपरं उडालेली, अशात आम्ही चार दिवस त्या तळघरात काढले. तेव्हा इमारतीत बरीच माणसं होती. कोणी किती खाल्लं यावरून तिसऱ्या दिवशी दोन चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांची जुंपली आणि एकाचा दात पडला. वादळ ओसरलं, तसे बहुतेक लोक सोडून गेले. जे राहिलो त्यांनी ठरवलं, की यापुढे प्रत्येकाची वेगळी पेटी, प्रत्येकाच्या पेटीत सारखा माल आणि प्रत्येक पेटीला मोहोर.

राहिलो कोण, तर तळमजल्यावरचा वायरमन. त्याला दम्याचा त्रास, पण तोंडाने अखंड शीळ. दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे सर. चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. तिसऱ्या मजल्यावर माझा मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी चिमणी. समोरच्या खोल्यांत मी.

वाटणीचं काम माझ्याकडे आलं ते आपसूक. मी एका रुग्णालयात औषधांच्या खिडकीत बसते. दिवसभर गोळ्या मोजून द्यायच्या. शिवाय दादाने सगळ्यांना सांगून ठेवलेलं, की लहानपणी ही बिस्किटाचे दोन भाग करायलासुद्धा फूटपट्टी घ्यायची, हिच्या हातून मुंगीला साखरेचा जादा कण मिळायचा नाही. मी वरवर चिडायचे. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता.

२

त्या रविवारी आम्ही साडेनऊला उतरलो. तळघराला चौदा पायऱ्या आहेत, खाली लोखंडी दार. दाराच्या किल्ल्या दोन, एक माझ्याकडे आणि एक सरांच्या घरात खिळ्याला. आत एक बल्ब आणि छताजवळ हातभर रुंदीची जाळी. तिच्यातून बाहेरच्या जमिनीलगतचा उजेड येतो आणि कोणी चालत गेलं, तर नुसते पाय दिसतात. बाजूच्या खोलीत पाण्याचा पंप घुमत होता. आम्ही आत शिरलो आणि तो थांबला. त्यात नवल काही नव्हतं, टाकी भरली की तो थांबतोच. पण खोली एकदम फार शांत झाली.

पेट्यांवर धूळ होती. सहा महिन्यांची, सारखी बसलेली. प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यावर दोन सह्या असतात, पेटीच्या मालकाची आणि माझी. सहीची शाई कागदावरून पत्र्यावर उतरलेली असते. म्हणजे पट्टी काढून पुन्हा लावली तर सही जुळणारच नाही. ही कल्पना सरांची. मी सहाही पट्ट्या बोटाने तपासल्या. जशाच्या तशा होत्या.

सर वयाने मोठे, म्हणून त्यांची पेटी नेहमी आधी. मी पट्टी फाडली, झाकण उचललं आणि हातातली यादी वाचायला सुरुवात केली. बिस्किटांचे चोवीस पुडे.

आत एकही पुडा नव्हता. दोन रिकामे कागद होते, चार घड्या घालून कोपऱ्यात ठेवलेले.

पाण्याच्या बाटल्यांपैकी दोन रिकाम्या, बाकीच्या जागेवरच नव्हत्या. मेणबत्ती बोटभर जळलेली. तळाशी सरांची रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती. मीच ठेवलेली, पंधरा गोळ्यांची, कोरी. तिच्यातले तीन फुगे फुटलेले होते. बारा गोळ्या तशाच.

दादा म्हणाला, उंदीर. मग त्याचं त्यालाच हसू आलं, कारण उंदीर गोळ्या मोजून घेत नाहीत आणि कागदाच्या घड्या घालत नाहीत. घड्या घालायची सवय आमच्यात एकाच माणसाला होती. सर चहाच्या वेळी बिस्किटाचा कागद असाच चौघडी करून बशीखाली सरकवतात. आम्ही सगळेच तो कागद बघत होतो. सरांनी तो उचलला, उलगडला, पुन्हा तशीच घडी घातली आणि जागेवर ठेवला.

"ही घडी मीच घातलीय," ते म्हणाले. "पण कधी, ते आठवत नाही."

३

मला राग आला होता. भीती नंतरची. आधी राग, की माझ्या मोहोरेखालचा माल कोणीतरी हलवला. मी मनाशी हिशेब मांडला. सरांकडे किल्ली आहे, सरांचं वय झालंय, वयात माणूस करतो आणि विसरतो. पट्टीचं काय, ते नंतर बघू. इतकं ठरवून मी वायरमनची पेटी पुढे ओढली.

तीही हलकी होती.

कागद चुरगाळलेले, कोंबलेले. बॅटरीचे सेल सुटे. दातांनी चावून पाहिल्यासारखे दबलेले. संपत आलेल्या सेलला वायरमन दाताने दाबतो, थोडा वेळ आणखी चालतो म्हणून. आणि त्याचा दम्याचा पंप. हा पंप मी रुग्णालयातून आणला होता. त्याच्या मागे छोटीशी खिडकी असते आणि किती फवारे उरले तो आकडा तिच्यात दिसतो. मी ठेवला तेव्हा एकशेवीस होता. आता सहासष्ट.

वायरमनची शीळ कधीच थांबली होती. सरांनी त्याला हळूच विचारलं, की त्रास वाढला तर दिवसाला किती फवारे घेतोस. तो म्हणाला, सहा.

सरांनी क्षणभर डोळे मिटले. फळ्यावर गणित मांडायच्या आधी मिटत असतील तसे.

"नऊ दिवस," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि माझे तीन."

मला वाटतं, त्या क्षणापर्यंत आम्ही चोरीबद्दल बोलत होतो. त्यानंतर चोरी हा शब्द कोणी काढला नाही. वादळ आलेलं नव्हतं. गेल्या सहा महिन्यांत साधी वीजसुद्धा दिवसभर गेली नव्हती. पेट्यांना कोणी हात लावला नव्हता आणि तरी त्या वापरून झाल्या होत्या. ज्याने त्याने, आपापल्या सवयीने, जितके दिवस लागल्या तितके दिवस.

मी स्वतःला समजावत होते, की याला काहीतरी साधं कारण असणार. मी चुकून जुन्या, वापरलेल्या वस्तू भरल्या असतील. वादळातल्या. पण वादळात पेट्या नव्हत्याच.

४

वहिनी म्हणाल्या, आता पुरे, वर जाऊ या. दादा म्हणाला, बघून टाकू. दोघांचे आवाज सारखेच कोरडे होते. चिमणी पायरीवर बसून तळव्यावर तळवा घासत होती. ती काही विचारत नव्हती, आणि आमच्या चिमणीने काही न विचारणं हेच मुळात विपरीत.

वहिनींच्या पेटीत थायरॉइडच्या गोळ्या होत्या. तेरा फुटलेल्या.

दादाच्या पेटीत रिकामे कागद जेमतेम पाच. मला वाटलं, यानेही लवकरच... पण मग चिमणीची पेटी उघडली आणि उरलेले कागद तिच्यात सापडले. दादाच्या पुड्यांचा छाप निराळा होता; त्याला खारी बिस्किटं लागतात, म्हणून त्याची मी वेगळी आणते. तेच कागद, चिमणीच्या पेटीत, एकावर एक, अठरा. दादाने ते मोजले नाहीत. त्याने एकदा चिमणीकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

चिमणीच्या पेटीत दूधभुकटीचा डबा होता. रिकामा. नुसता रिकामा नव्हे, आतून खरवडलेला. चमच्याचे ओरखडे पत्र्यावर गोल गोल, तळाशी तर पत्रा पांढरा पडलेला. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला रंगीत खडूने केलेल्या खुणा. चिमणीला मोजायला सरांनी शिकवलं. दहा झाले, की ती एक फूल काढते आणि पुढे पुन्हा रेघा. तिथे एक फूल होतं. त्याच्यापुढे नऊ रेघा. शेवटची रेघ वरून सुरू होऊन तिरकी, झाकणाच्या काठापर्यंत घसरत गेलेली.

चिमणी उठून जवळ आली आणि वाकून बघू लागली.

"हे मी नाही काढलं, आत्या," ती म्हणाली. "पण फूल माझंच आहे."

वहिनींनी तिला खसकन मागे ओढलं.

५

माझी पेटी उरली होती. मी म्हटलं, हिचं कळलंच आहे, कशाला उघडायची.  वायरमनने ती ओढायला हात घातला आणि तो थबकला.

"जड आहे, ताई," तो म्हणाला.

त्याने आणि दादाने मिळून ती बल्बखाली आणली. पट्टीवर माझी सही दोनदा, एक मालकाची आणि एक वाटणाऱ्याची. पट्टी मीच फाडली.  माझ्या पेटीत काय असणार, याची मला खात्री होती. माझ्या वाट्याचं, तितकंच, नेमकं.

आत पुडे होते. काठोकाठ, एकावर एक, कोपऱ्याला कोपरा जुळवून रचलेले. बाटल्याही होत्या, भरलेल्या, बूच न उघडलेल्या. पुड्यांचे गठ्ठे बँडेजच्या पट्टीने बांधले होते आणि प्रत्येक गठ्ठ्यात एक चिठ्ठी खोचलेली. अक्षर माझं. औषधाच्या पाकिटावर मी जसं लिहिते, तसं ठसठशीत, कोणालाही वाचता यावं असं. सर, बावीस. वायरमन, अकरा. वहिनी, नऊ. दादा, एक.

चिमणीच्या नावाचा गठ्ठा नव्हता.

 जाळीबाहेरून कोणीतरी चपला घासत गेलं. मी काहीतरी बोलले असावे. असं कसं होईल, किंवा मी असं कधी करेन का, असं काहीसं. ते शब्द माझ्याच कानाला दुसऱ्या कोणाचे तरी वाटले. त्रेचाळीस पुडे. आणि बाजूला तो खरवडलेला डबा, पांढरा पडलेला.

मी आठवायचा प्रयत्न करत होते. वेड्यासारखी. जे घडलेलंच नाही त्यात माझ्या मनात काय होतं, ते आठवायचा. लोभ? मी हावरी नाही. माझ्या ताटात उरतं. मग भीती? जगायची एवढी हाव माझ्यात कुठे लपली होती, की सख्ख्या भाचीचा डबा रिकामा होताना मी बिस्किटांवर चिठ्ठ्या लावत बसले?

वहिनी ओरडल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलल्या.

"ताई, तुम्ही शेवटपर्यंत होतात ना तिथे? मग ती का उपाशी होती?"

 त्यांनी चिमणीला कडेवर घेतलं. सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन चौदा पायऱ्या चढणं सोपं नाही, पण त्यांनी तिला खाली पाय टेकू दिला नाही. दादा त्यांच्यामागून गेला. जाताना त्याने माझ्या खांद्याला हात लावला की लावल्यासारखं केलं, ते मला समजलं नाही.

६

नव्या मालाच्या पिशव्या पायऱ्यांशी तशाच पडल्या होत्या. वायरमनने विचारलं, हे आता कसं करायचं. मी म्हटलं, दुसऱ्या कोणीतरी वाटावं, मी नको. सर म्हणाले, तूच वाट. मोजायला तुझ्याइतका कोणाचा हात बसलेला नाही, आणि आज नाही केलंस तर पुन्हा कधीच करणार नाहीस.

म्हणून मी बसले. सगळं जुनं बाहेर काढून वायरमनने गोणीत भरलं आणि वर नेलं. मी फरशीवर सहा वाटे मांडले. एक पुडा इथे, एक तिथे. हातांना काम मिळालं तसा श्वास जागेवर आला. मोजणं किती चांगलं असतं. त्यात माणूस चांगला आहे की वाईट, हा प्रश्नच येत नाही.

सर खालच्या पायरीवर बसून बघत होते. 

"एक सांगू का?" ते म्हणाले. "माझ्या वाट्याला चोवीस कशाला? पाच ठेव. बाकीचे पोरीच्या पेटीत घाल. मला लागायचे नाहीत, हे आता दिसलंच आहे."

"तसं नको, सर," मी म्हटलं. "तुमचे ते तुमचे. त्यातलं मी कोणाला देणार नाही."

हे मी प्रेमाने म्हटलं होतं. त्यांना आपण हिशेबातून वगळलेलं नाही, हे त्यांना कळावं म्हणून. सरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. गणित सोडवून झालेल्या मुलाचं उत्तर चुकलंय, हे शिक्षकाला आधीच कळावं आणि त्याने ते सांगू नये, तसे ते बघत होते. मग गुडघ्यावर हात रोवून उठले, भिंतीला धरून एकेक पायरी चढून गेले.

मी पेट्या भरल्या. पट्ट्या लावल्या. सह्या नंतर घेऊ म्हटलं. बल्ब बंद केला, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

७

किल्ली कुलपात घातली, तेव्हा आतून आवाज आला.

पुडा फरशीवर ठेवल्याचा. कागदाचा हलका चुरचुर आवाज आणि मग टेकल्याचा. थोडं थांबून दुसरा. थोडं थांबून तिसरा. मी सकाळपासून तोच आवाज ऐकत होते, म्हणून कानात राहिला असेल, असं मला वाटलं. मी मोजू लागले. मोजायला नको होतं. सहा झाले आणि आवाज थांबला.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. वर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. अशा वेळी माणूस घाबरत नाही. मी दार चार बोटं उघडलं.

जाळीतून उजेडाचा एक पट्टा फरशीवर पडला होता. त्या पट्ट्यात बिस्किटांचे सहा वाटे होते, गोल मांडलेले, जेवायला बसल्यावर पानं मांडतात तसे. चार वाट्यांमागे कोणी नव्हतं. भिंतीकडे कापड ओढून झाकलेलं काहीतरी ओळीने होतं, तिकडे मी पाहिलं नाही. पाचव्या वाट्यामागे माझ्याकडे पाठ करून एक बाई बसली होती. केस पिंजारलेले, मानेचे मणके मोजता येतील इतकी वाळलेली. ती वाटे सारखे करत होती. एका वाट्यातला पुडा किंचित तिरका होता, तो तिने बोटाने सरळ केला.

सहाव्या वाट्यात नुसते रिकामे कागद होते. तिथे बसलेल्याचं खाऊन झालं होतं.

तिकडून एक लहान हात पुढे आला. फार सावकाश. बाजूच्या वाट्यावर तो पोचला आणि बाईने तो मनगटाला धरून मागे ठेवला. रागाने नाही. आजारी मुलाचा हात पांघरुणात ठेवावा, तितक्या मायेने.

"ते सरांचं आहे," ती म्हणाली.

आवाज माझा होता.

पायऱ्या कशा चढले ते मला माहीत नाही. दार उघडं राहिलं, किल्ली मात्र मुठीत होती. तिचे दाते तळव्यात रुतलेले मला नंतर दिसले. मी माझ्या घरात गेले नाही. समोरचं दार वाजवलं.

वहिनींनी दार उघडलं. मागे चिमणी टेबलाशी बसून दूध पीत होती आणि दादा तिच्याजवळ नुसता बसला होता. मी किल्ली वहिनींपुढे धरली. म्हटलं, पेट्या मोडा. सगळं एकत्र करा. यापुढे वाटणी तुम्ही करा आणि मी कितीही सांगितलं, कितीही बरोबर बोलत असले, तरी माझं ऐकू नका.

मला वाटलं होतं, त्या विचारतील, काय झालं. त्यांनी माझा चेहरा पाहिला. मग माझ्यामागच्या जिन्याकडे पाहिलं आणि दार स्वतःमागे अर्धं ओढून घेतलं, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

"मी होते का तिथे?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. नाही.

त्यांनी डोळे मिटले, उघडले, माझी बोटं एकेक करून सोडवली आणि किल्ली घेतली.